सर्वांच्या मागून चालणारे बिराप्पा

विघ्नहर्त्या गजाननाला आणि ज्याच्या तळ्याकाठी आमच्या गावाच्या पिढ्या वाढल्या त्या श्रीसिद्धेश्वराला साष्टांग वंदन करून, आज महाशिवरात्रीच्या पहाटे लेखणी हाती घेतली आहे. पूजेची उपकरणी काढताना देवघराच्या कोनाड्यातून पिवळ्या लोकरीचा एक धागा बोटाला लागला आणि ज्याने तो बांधला त्या माणसाची आठवण झाली. शिवाच्या दिवशी शिवाच्या भक्ताचे स्मरण करणे हीदेखील पूजाच आहे, अशा भावनेने हे लिहीत आहे.

बिराप्पा नेहमी सर्वांच्या मागून चालत. देवळाच्या पायऱ्या असोत, रेल्वेचा फलाट असो, की आमच्या जुळे सोलापुरातील वसाहतीतून निघालेली मिरवणूक असो, ते शेवटच्या माणसाच्याही दोन पावले मागे असायचे. मूळचे ते सांगोल्याकडच्या कोरड्या मुलखातले. वाडवडिलांपासून मेंढरे राखणारे घर. मुलाला चिंचोळी एमआयडीसीत काम लागले, म्हणून तेही शहरात आले आणि आमच्या इमारतीच्या फाटकावर राखणीला बसू लागले. पुढे वसाहतीतील आम्हा वृद्धांचे एक यात्रामंडळ तयार झाले, तेव्हा आमच्याबरोबर कोण येणार, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. बिराप्पा येणार हे ठरलेलेच होते.

त्यांची माझी खरी ओळख अक्कलकोटच्या वाटेवर झाली. एका लहानशा शिवालयाच्या अंगणात जुन्या शिलालेखाची अक्षरे लावत मी थांबलो होतो. मंडळी गाडीत जाऊन बसली, याचे मला भान नव्हते. बऱ्याच वेळाने डोक्यावर ऊन का लागत नाही म्हणून वर पाहिले, तर मागे बिराप्पा छत्री धरून उभे.

"अहो, हाक तरी मारायची!" मी ओशाळून म्हणालो.

"कशापायी? चरत्या मेंढराला कोन हाक मारतंय व्हय, बुवा? पोट भरलं की हलतंय आपसूक."

"पण तुम्ही असे मागे का राहता?"

"मागं कोन ऱ्हायलंय ते बगाया कोनतरी मागं ऱ्हायाला पायजे की."

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले की, ते मला त्यांच्या नावासारखेच वाटू लागले.

त्यांची दुसरी रीत लोकरीची. कळपातली मेंढी कोणाची हे ओळखू यावे म्हणून तिला खूण करतात. त्याच सवयीने बिराप्पा खिशात रंगीत लोकरीचे धागे बाळगत आणि प्रवासाला निघताना प्रत्येकाच्या पिशवीला एकेक धागा बांधत. माझा पिवळा. आमच्या मंडळात देशमाने साहेब म्हणून एक निवृत्त अधिकारी होते. त्यांच्या नव्या कोऱ्या कातडी पिशवीला तांबडा धागा बांधला गेला, तेव्हा ते चिडले.

"काय हो बिराप्पा, आम्ही काय मेंढरं आहोत?"

"न्हाय साहेब," बिराप्पा गाठ घट्ट करीत शांतपणे म्हणाले, "मेंढरं येवडी हरवत न्हाईत."

रामेश्वराच्या यात्रेचा बेत ठरला, तो मार्गशीर्षात. वाचकांना ठाऊक असेल, सेतूवरची वाळू घ्यावी, तिचे लिंग करून पतिपत्नींनी एकत्र बसून पूजा करावी, त्यातील वाळू वस्त्रात बांधून प्रयागास न्यावी आणि संगमात सोडावी; मग तेथील गंगाजल आणून रामेश्वरास वाहावे, अशी आपली परंपरा आहे. बिराप्पा याआधी यात्रेकरूंना घेऊन सेतूवर अनेकदा गेले होते. किती जणांच्या वाळूच्या पुरचुंड्या त्यांनी रंगीत लोकरीने बांधल्या असतील! पण त्यांची स्वतःची पुरचुंडी कधी बांधली गेली नव्हती. त्यांच्या पत्नी हौसाबाई गावाकडे उरलेली शेरडे सांभाळीत राहायच्या, आणि बिराप्पा प्रत्येक वेळी त्यांना "म्होरल्या खेपेला" असे सांगून निघायचे.

या वेळी मात्र सुनेच्या हाती शेरडे देऊन हौसाबाई स्वतः आल्या होत्या. बिराप्पांच्या गुडघ्यांनी साथ सोडली होती, आणि मंडळींना सांभाळून नेण्याची ही आपली शेवटची खेप, असे त्यांनी सर्वांना सांगून टाकले होते. सोलापूरच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असताना हौसाबाई माझ्या पत्नीच्या शेजारी येऊन बसल्या. कपाळावर रुपयाएवढे कुंकू, हिरवे इरकल, आणि मांडीवर घडी केलेला पांढरा स्वच्छ पंचा.

"शास्त्रीबुवा, एक सांगनं हाय तुमास्नी," त्या मला म्हणाल्या. "ह्या खेपेला आमच्या मालकास्नी माज्या शेजारी बसवा. न्हाईतर मी पंच्यात वाळू बांधनार न्हाय. पंचा कोराच घिऊन माघारी यीन."

"बसतील की. न बसायला काय झालं?"

"तुमास्नी म्हाईत न्हाय. आमच्या लगनात भटजी अंतरपाट धरून हुबं, आन् नवऱ्याचा पत्त्या न्हाय! वरातीत मागं पडलेल्या म्हाताऱ्यास्नी आनाया गेलं हुतं. लेकीच्या लगनात बी त्योच परकार. कन्यादानाला पाव्हन्यांनी दंडाला धरून आनलं."

माझी पत्नी हसून हसून लाल झाली. पलीकडे बिराप्पा सामानाच्या ढिगामागे उभे राहून काहीच ऐकले नसल्याचा आव आणीत होते. हौसाबाईही हसत होत्या, पण त्यांचे हात पंच्याची घडी पुनःपुन्हा नीट करीत होते. इतक्या वर्षांची इच्छा त्या घडीत होती. मी त्यांना शब्द दिला. सेतूवर दोघांना एकत्र बसवीन, पूजा मी सांगेन.

रामेश्वरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटेच धनुष्कोडीच्या वाळूच्या टेकड्यांवर जायचे ठरले. तेथील एक वाटाड्या, मुत्तु नावाचा, स्वतःच्या गाडीने आम्हाला नेणार होता. धर्मशाळेतील मंडळींना उठवण्याचे काम अर्थातच बिराप्पांचे. ते दार वाजवीत नसत. ओवरीच्या एका टोकाला उभे राहून मेंढरांना घालतात तशी "हुर्र्र... हेऽऽ" अशी हाळी देत. त्या पहाटे आम्ही तर उठलोच, पण शेजारच्या खोल्यांत उतरलेला एक गुजराती समूहही स्नाने उरकून, सामानासह अंगणात येऊन उभा राहिला. त्यांची गाडी दुपारची होती. त्यांना चहा पाजून, समजूत घालून परत निजवण्यात आमचा बराच वेळ गेला.

मुत्तु तेव्हापासूनच घड्याळाकडे बोट दाखवू लागला होता. माणूस मोठा भाविक, कपाळभर भस्म लावलेला, पण वेळेचा अत्यंत पक्का. त्याच्या मोडक्या हिंदीतले दोनच शब्द तो आलटून पालटून वापरी. "साब, टाइम! अम्मा, टाइम!" आम्हाला परत सोडून त्याला दुसरी मंडळी आणायची होती, ऊन चढण्याआधी निघावेच लागेल, हे त्याने बसतानाच बजावले.

त्या टेकड्यांचे वर्णन मी काय करावे! पूर्वेला नुकते तांबडे फुटले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या वाळूचे उंचसखल ढीग पसरले होते. जणू कोणी धुतलेल्या तांदळाच्या राशी ओतून ठेवल्या असाव्यात. वाऱ्याने त्यांच्यावर बारीक वळ्या उमटवल्या होत्या आणि पायथ्याशी मर्यादवेलीची जांभळी फुले उमलत होती. एका बाजूचा समुद्र तळ्यासारखा निवांत, दुसऱ्या बाजूचा गर्जना करणारा. मुत्तु म्हणाला, "ये अम्मा समुंदर, वो अप्पा समुंदर." हौसाबाईंनी जन्मात प्रथमच समुद्र पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "येवडं पानी! आन् आमच्याकडं घागरभर पान्यासाटी कोसभर पायपीट."

टेकड्या चढताना पाय घोट्यापर्यंत रुतत होते. पुढे मुत्तु, मध्ये आम्ही, आणि सर्वांत मागे बिराप्पा. कोणी धापा टाकू लागला की मागून आवाज येई, "बसा वाईच. टेकडी कुटं पळून जात न्हाय." तरी ती टेकडी खरोखर पळते, हे आम्ही पाहत होतो. वारा तिच्या माथ्यावरून वाळूचा पातळ पदर सतत उडवीत होता.

शांत समुद्राच्या अंगाला एक सखल जागा पाहून आम्ही मांडामांड केली. जोडप्यांनी आपापली लिंगे केली, पूजा झाल्या, पुरचुंड्या बांधल्या गेल्या, आणि बिराप्पांनी प्रत्येकीला त्या त्या रंगाची लोकर बांधली. शेवटी एकच जागा उरली. हौसाबाईंनी स्वतःच्या हातांनी वाळूचे लिंग केले होते, वर मर्यादवेलीचे एक फूल ठेवले होते आणि शेजारी पंचा पसरला होता. पंच्याच्या एका टोकावर त्या बसल्या, दुसरे टोक मोकळे.

"या बिराप्पा," मी म्हणालो. "आता तुमची पाळी."

ते आले. पायातले जोडे काढले. एक पाऊल पंच्यावर टाकले, आणि सवयीने त्यांची नजर मंडळींवरून फिरली. पाऊल तसेच थबकले.

देशमाने साहेब नव्हते.

मघाशी त्यांना कोणीतरी छायाचित्र काढायला पलीकडच्या टेकडीकडे जाताना पाहिले होते. हाका मारल्या, पण अप्पा समुद्राच्या गर्जनेत त्या विरून गेल्या. मुत्तु घड्याळ पाहत म्हणाला, "साब, टाइम! गाडी जाना पड़ेगा." ऊन आता डोळ्यांत शिरू लागले होते.

बिराप्पांनी हौसाबाईंकडे पाहिले. बिराप्पांच्या चेहऱ्यावर जे आले, ते मी त्यांच्या ठायी त्याआधी कधी पाहिले नव्हते. एक पाऊल पंच्यावर, एक वाळूत, आणि माणूस दोन्हीकडे ओढला जात होता. मंडळींतले एक गृहस्थ म्हणाले, "मी जाऊन पाहतो." पण त्यांना एक टेकडी दुसरीपासून ओळखता आली नसती, हे आम्हा सर्वांना कळत होते.

हौसाबाईंनी मान वर केली.

"जावा," त्या म्हणाल्या. "पर येवा."

बिराप्पा गेले. गुडघ्यावर हात ठेवीत, वाळूत रुतत, टेकडीच्या माथ्याआड दिसेनासे झाले.

मुत्तु गाडीकडे वळला. एकदा का त्याने भोंगा वाजवला की अर्धी मंडळी उठणार आणि तो पंचा कोराच सोलापूरला जाणार, हे मला स्पष्ट दिसले. मी शब्द दिला होता. माझ्यापाशी धावण्याचे बळ नव्हते. जे होते ते एवढेच, लहानपणापासून मुखी बसलेली देववाणी. मी आचमन केले आणि मोठ्या स्वरात संकल्पाला आरंभ केला.

संस्कृत कानी पडताच मुत्तु थांबला. त्याने झटकन चपला काढल्या, हात जोडले आणि डोळे मिटले. चाललेल्या मंत्रात भोंगा वाजवणे त्याच्याने होणे नव्हते.

संकल्पात आपण कोणत्या देशी, कोणत्या काळी, कोणत्या नदीच्या तीरी आहोत हे सांगायचे असते. एरवी मी ते आटोपशीर सांगतो. त्या दिवशी मी सृष्टीच्या आरंभापासून सावकाश निघालो. युगे सांगितली, द्वीपे सांगितली. गोदावरीच्या दक्षिण तीरावर आलो, भीमेला वंदन केले, सीनेला केले, सिद्धेश्वराच्या तळ्याची प्रदक्षिणा करून जुळे सोलापुरातील आमच्या वसाहतीपर्यंत पोहोचलो. टेकडीवर कोणी दिसेना. मग मी शंकराची नावे घ्यावयास लागलो, आणि प्रत्येक नावाला हौसाबाई चिमूटभर अक्षता वाहू लागल्या. यात कपट होते, असे मला वाटत नाही. घेतले ते प्रत्येक नाव त्याचेच होते, आणि ते मी मनापासून घेत होतो.

मुत्तुने एक डोळा उघडला. माझ्या पत्नीकडे सरकून त्याने हळूच विचारले, "अम्मा, मंत्र कितना लंबा?"

"आदमी जितना दूर, मंत्र उतना लंबा," ती तितक्याच हळू आवाजात म्हणाली.

त्याने क्षणभर विचार केला, हसला, आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.

अखेर टेकडीच्या माथ्यावर एक पांढरी टोपी उगवली. तिच्याखाली देशमाने साहेब, आणि त्यांच्या दोन पावले मागे बिराप्पा. सापडलेल्या माणसालाही त्यांनी पुढेच घातले होते. साहेबांचा चेहरा ओढलेला होता. टेकड्यांमध्ये दिशा चुकून ते उलट्या अंगाला उतरत गेले होते आणि थकून बसले होते.

"तांबडी लोकर लांबनं दिसली, म्हून गावलं साहेब," बिराप्पा धापा टाकीत म्हणाले. "बसलं हुतं वेलीत कोकरावानी."

देशमाने साहेबांनी पिशवीवरचा तो धागा बोटांत धरला. "बिराप्पा," ते म्हणाले, "परतीच्या प्रवासाला दोन बांधा."

बिराप्पा पंच्यावर बसले. दोन्ही पाय पोटाशी घेऊन, नव्या नवरदेवासारखे अवघडून. मी म्हणालो, "आता संकल्प पहिल्यापासून."

"फिर से?" मुत्तु कळवळून ओरडला. मंडळींत हशा पिकला. आणि तोच मुत्तु मग समुद्राचे पाणी आणायला तांब्या घेऊन धावत गेला.

या वेळी मी संकल्प आटोपशीरच सांगितला. यजमानाचे आणि पत्नीचे नाव उच्चारायची वेळ आली. हौसाबाई पदर सावरून म्हणाल्या, "मालकाचं नाव तसं कसं घिऊ? नावात घिते." आणि दोन समुद्रांच्या मध्ये, खणखणीत आवाजात त्यांनी नाव घेतले:

"प्रयागाला न्यायाची हाय सेतूची वाळू,
बिराप्पा मागंच ऱ्हात्यात, मी एकली किती चालू?"

बायका टाळ्या वाजवू लागल्या. बिराप्पा मात्र हसले नाहीत. ते वाळूच्या लिंगाकडे पाहत राहिले. हे बोल त्यांनी इतक्या वर्षांत प्रथमच ऐकले असावेत, असे मला वाटले. किंवा ऐकले असतील, पण आज शेजारी बसून ऐकले.

"तुमी सांगा की आता," हौसाबाईंनी कोपराने ढोसले.

त्यांनी घसा खाकरला आणि एकच शब्द उच्चारला. "हौसा." एवढे म्हणून त्यांनी लिंगावर पाणी घातले. हौसाबाईंच्या हातावर हात ठेवून घातले.

पूजा झाली. पंच्यात वाळू बांधली गेली. बिराप्पांनी खिसा चाचपला. सर्व रंग संपले होते. तेव्हा मी माझ्या पिशवीचा पिवळा धागा सोडून अर्धा तोडला आणि त्यांच्या पुरचुंडीला बांधला.

परत निघताना ते नेहमीप्रमाणे बाजूला सरून सर्वांना वाट देऊ लागले. मी म्हणालो, "बिराप्पा, आज मागे मी चालेन. तुम्ही यांच्याबरोबर जा."

"तुमास्नी न्हाय जमायचं, बुवा."

"न जमायला काय झालं? कोणीतरी मागे राहिलं म्हणजे झालं, तुम्हीच सांगता ना?"

ते गेले, पण पुनःपुन्हा वळून पाहत होते. हौसाबाईंनी त्यांची बाही धरून ठेवली होती. "म्होरं बगा," त्या दटावीत होत्या, "समुद्र म्होरं हाय."

मागून चालण्याचे पुण्य मला त्या दिवशी प्रथम लाभले. पुढून चालताना वाट दिसते. मागून माणसे दिसतात. कोणाचा तोल जातो आहे, कोण कोणाचा हात शोधते आहे, कोणाच्या पिशवीवरचा रंगीत धागा वाऱ्यावर फडफडतो आहे, हे सारे मला दिसत होते. आणि पूजेच्या जागी, वाळूत अर्ध्या बुजलेल्या, मला मुत्तुच्या चपला दिसल्या. परतीच्या घाईत तो बिचारा अनवाणीच गाडीकडे पळाला होता. मी त्या उचलल्या, झटकल्या आणि हातात घेऊन टेकडी उतरलो.

गाडीपाशी मुत्तु तापलेल्या रस्त्यावर पाय नाचवीत उभा होता. माझ्या हातात चपला पाहून तो इतका संकोचला की पाया पडायला वाकला. बिराप्पा खिडकीतून पाहत होते. शेजारी हौसाबाई, त्यांच्या मांडीवर ती पुरचुंडी.

"आता कळलं का, बुवा," ते मनापासून हसत म्हणाले, "मागं ऱ्हायल्यावर काय काय गावतंय?"

पौषातच ते दोघे प्रयागास जाऊन आले. वाळू संगमात सोडली, असे हौसाबाईंनी दूरध्वनीवरून स्वतः सांगितले. आणि मालक सगळी वाट शेजारी चालले, फक्त एकदा मागे राहिले, एका बाईंचे पोर चुकले होते म्हणून, असेही सांगितले. त्यांना त्याचा राग आलेला दिसला नाही. आणलेली गंगा रामेश्वरास वाहण्याकरिता येत्या मार्गशीर्षात पुन्हा जायचे आहे. प्रयागाहून आल्यावर बिराप्पांनी आमच्या इमारतीचे काम सोडले आणि ते गावाकडे गेले. निरोपाच्या दिवशी आम्ही सारे फाटकापर्यंत पोहोचवायला गेलो. रिक्षा वळेपर्यंत हौसाबाई पुढे पाहत होत्या आणि बिराप्पा मागे, आमच्याकडे.

आता मंडळाच्या यात्रांत सर्वांत मागून मी चालतो. माझ्या वयाला ते शोभते आणि गुडघ्यांना सोयीचेही पडते. देशमाने साहेब दोन तांबडे धागे लावून माझ्या पुढे असतात. मार्गशीर्षात बिराप्पा आणि हौसाबाई गंगाजल घेऊन आमच्याबरोबर येतील, तेव्हा मुत्तुला आधीच कळवून ठेवावे लागेल की, मंत्र थोडा लांबणार आहे.

पिवळ्या धाग्याचा उरलेला अर्धा भाग आज लिंगाशेजारी ठेवून पूजा करीन. वाचकहो, तो चंद्रमौळी तुमच्या घरावर कृपेची छाया धरो. तुमच्या घरातील ज्येष्ठांची पावले स्थिर राहोत, लेकरेबाळे सुखरूप परत येवोत, पतिपत्नी एकमेकांच्या शेजारी बसोत. आणि तुमच्या वाटेवर, तुमच्या दोन पावले मागे, तुम्हाला सांभाळणारे कोणीतरी सदैव असो. शुभं भवतु.